अखेरच्या शुश्रूषेची पारख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मरणासंबंधी बोलणे औचित्यास सोडून आहे, असे काहींस वाटण्याचा संभव आहे. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभारले, ती मंडळी तेव्हा पंचविशी-तिशीत होती. कोणी रेल्वेत, कोणी लेखा कार्यालयात, कोणी टपाल खात्यात. नोकरीनिमित्त दिल्लीस आली आणि येथलीच झाली. आज त्यांपैकी जी हयात आहेत त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मुले पुण्यास, बंगळूरला नाही तर परदेशी. गावाकडचे घर बंद पडलेले किंवा वाटण्यांत गेलेले. अशा घरात असाध्य आजार शिरला, की मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'रुग्णालयाने घरी न्यायला सांगितले आहे. आता चांगली सोय कोठे होईल?' या प्रश्नातील 'चांगली' या शब्दाचा अर्थ काय लावावयाचा, एवढाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

आम्ही वैद्य नाही. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तपासण्या करणे, निविदा उघडणे, अहवाल लिहिणे यांत तीस वर्षे गेली. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते औषधोपचाराचे ज्ञान नसून संस्था पारखण्याची एक रीत आहे, एवढे आरंभीच नमूद करतो.

प्रथम विषयाची ओळख. ज्या रोग्याचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, त्याच्या वेदना व इतर त्रास आटोक्यात ठेवून त्याचे उरलेले दिवस सुसह्य करणाऱ्या उपचारांना उपशामक सेवा म्हणतात. आणि अशा रोग्यांसाठी चालविलेल्या आश्रयस्थानाला हॉस्पिस. या कल्पनेला आजचे शास्त्रीय रूप दिले ते सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रोग्याचे दुःख केवळ शरीराचे नसते. मनाचे, कुटुंबाचे आणि श्रद्धेचे दुःखही त्यात मिसळलेले असते, म्हणून उपचार या सर्वांचा व्हावयास हवा, ही त्यांची मुख्य शिकवण.

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे निघाले, ही आपणां मराठी माणसांना अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी स्थापिलेले शांती आवेदना सदन ते हेच. त्याच्या शाखा पुढे गोव्यात आणि येथे दिल्लीतही झाल्या. १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्ला कंपनीच्या न्यासाने असेच केंद्र उभारले. दिल्लीत, स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ साली कॅनसपोर्ट ही संस्था स्थापन केली. तिची डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांची पथके रोग्याच्या घरी जातात. या संस्थांनी रोग्याकडून पैसे न घेता काम केले आहे. परंतु अलीकडे मोठ्या शहरांतून दिवसाच्या दराने घरी शुश्रूषा पुरविणाऱ्या आणि खाट देणाऱ्या अनेक खाजगी संस्थाही निघाल्या आहेत. निवड करावयाची वेळ येते ती प्रामुख्याने येथे.

अशा वेळी आपण काय पाहतो? इमारत पाहतो, फरशी पाहतो, माहितीपत्रक वाचतो, दर विचारतो. सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा प्रघात आहे. टेबल-खुर्च्यांच्या बाबतीत तो ठीकही असेल. मरणोन्मुख माणसाच्या शुश्रूषेला तो लागू पडत नाही, आणि याच्या उलट टोकाचा, म्हणजे सर्वांत महाग ते सर्वांत उत्तम, हा समजही लागू पडत नाही. सामान्य रुग्णालयाचे यशापयश रोगी बरा झाला की नाही यावरून ठरविता येते. येथे प्रत्येक रोगी जाणारच असतो. आणि ज्याच्यावर सेवा झाली तो मागाहून साक्ष देण्यास येत नाही. म्हणून येथील परीक्षा आगाऊच करावी लागते, आणि ती योग्य प्रश्नांनी करावी लागते.

याविषयी आपल्या देशातील जाणत्या डॉक्टरांनी किमान दर्जाची एक सूची तयार केली असून ती २०१४ साली प्रसिद्ध झाली आहे. नोकरभरतीच्या जाहिरातीत असतात तसे तिच्यात 'अत्यावश्यक' आणि 'इष्ट' असे दोन भाग आहेत. ही विभागणी आम्हांस फार मार्मिक वाटते. वातानुकूलन, बाग, प्रार्थनागृह ही इष्टांत जावीत. अत्यावश्यक कोणती, ते आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट वेदनेची. संस्थेकडे तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन आहे काय आणि ते लिहून देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर आहे काय, हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. तीव्र वेदनेवरील हे औषध अफूपासून निघते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत केंद्र सरकारच्या परवान्याने अफूची लागवड होते; नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. आणि तरीही आपल्याच रोग्यांना हे औषध मिळत नसे! १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर बहुतेक राज्यांत त्यासाठी अनेक खात्यांचे परवाने एकाच वेळी हाती असावे लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फिनसह सहा औषधांसाठी सर्व देशभर एकच पद्धत ठरविली. आता मान्यताप्राप्त संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाकडूनच मंजुरी मिळते. तेव्हा 'कायद्यामुळे ठेवता येत नाही' हे उत्तर आज समाधानकारक मानता येणार नाही.

याच संदर्भात एक छोटी कसोटी सांगतो. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होते. म्हणून जाणता डॉक्टर त्या गोळीबरोबर शौचास साफ होण्याचे औषधही बहुधा लिहितोच. तसेच साध्या गोळीचा अंमल चार तासांच्या आसपास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यावयाची असते. 'दुखेल तेव्हा द्या' म्हणून नव्हे. औषधांच्या चिठ्ठीवर या दोन गोष्टी दिसल्या, तर लिहिणारा हात शिकलेला आहे असे खुशाल समजावे. मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल किंवा लवकर जाईल, ही आपल्या घरांतील भीतीही येथेच दूर केली पाहिजे. वेदनेच्या मानाने बेताबेताने वाढविलेल्या मात्रेने तसे होत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसा सर्वच संस्था चांगल्या असतात. रात्री दोन वाजता दम लागला तर दूरध्वनी कोण घेतो, त्याला रोग्याची माहिती असते काय, आणि तो काय करू शकतो, हे विचारावे. शक्य असल्यास एखाद्या रात्री तो क्रमांक फिरवूनही पाहावा.

येथे आमच्या घरातील अनुभव सांगणे भाग आहे. आमच्या वडील भगिनी कर्करोगाने आजारी असता एका खाजगी संस्थेची सेवा घेतली होती. पांढऱ्या गणवेशातील सेविका वेळेवर येत, चार-चार तासांनी नाडी व रक्तदाब एका छापील तक्त्यावर लिहीत. तक्ता निर्दोष होता. त्यात 'किती दुखते' असा रकानाच नव्हता. एका रात्री वेदना असह्य झाल्या तेव्हा संस्थेचा दूरध्वनी नुसता वाजत राहिला. सकाळी उत्तर मिळाले की, 'रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्या.' त्याच आठवड्यात एका सेवाभावी संस्थेचे पथक आले. परिचारिका खाटेजवळ स्टुलावर बसली आणि आम्हां कोणाशी न बोलता तिने आधी ताईंनाच विचारले, 'शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे सोसवेनासे. तर आत्ता किती?' ताई 'नऊ' म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तो आकडा तीनवर आला आणि त्यांनी चहा मागितला. त्या पुढे पाच आठवडे जगल्या. आजार तोच होता, घर तेच, माणसे तीच. फरक पडला तो विचारण्याने, आणि विचारल्यावर काय करावयाचे ते ठाऊक असण्याने.

तिसरी गोष्ट शरीराच्या निगेची. येथे वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसालाही पुष्कळ दिसते. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते काय? पाठीला, माकडहाडाला जखमा आहेत काय, आणि त्या तेथेच झाल्या की बाहेरून आल्या? ओठ व जीभ ओली आणि स्वच्छ ठेवली जाते काय? कक्षात शिरताच दुर्गंधी येते काय? कर्करोगाच्या उघड्या जखमेला असह्य वास येतो, आणि त्या वासाने माणसे रोग्यापासून दूर राहू लागतात. मेट्रोनिडॅझोल या स्वस्त गोळीची पूड जखमेवर टाकल्याने तो पुष्कळ कमी होतो. जेथे हे सहज केले जाते, तेथे रोग्याच्या लाजेचा विचार केलेला असतो असे समजावे.

चौथी गोष्ट रोग्याच्या इच्छेची. आपल्याकडे रोग्यापासून रोग लपविण्याची रीत आहे. चांगली संस्था ते सत्य त्याच्या अंगावर फेकीत नाही, आणि नातेवाइकांच्या सांगण्यावरून खोटेही बोलत नाही. रोग्यास किती जाणून घ्यावयाचे आहे, हे ती त्यालाच हळुवारपणे विचारते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी, बरे होण्याची आशा नसता कृत्रिम उपायांनी जीव लांबवू नये अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करता येते. या सभागृहात राजपत्रित अधिकाऱ्यांची वाण नाही! असा कागद आहे काय, हे संस्था पहिल्या भेटीतच विचारते की नाही, ते पाहावे.

पाचवी गोष्ट कुटुंबाची. घरच्या माणसांना कूस बदलणे, नळीतून अन्न देणे, औषधांच्या वेळा पाळणे शिकविले जाते काय? शेवटचे दोन दिवस कसे असतील, श्वास कसा बदलेल, हे आधी सांगितले जाते काय? मृत्यू घरी झाल्यास वैद्यकीय दाखला कोण देईल, हे आधी ठरले आहे काय? यासाठी ऐन दुःखात धावाधाव करावी लागलेली कुटुंबे आपल्यातही आहेत. आणि सर्व आटोपल्यानंतर महिनाभराने संस्थेचे कोणी घरी डोकावते काय?

पैशांचा प्रश्न शेवटी घेतो. दरपत्रक लेखी मागावे आणि त्यात काय येत नाही, ते विचारावे. हवेची गादी, प्राणवायू, रात्रीची भेट यांचे निराळे पैसे आहेत काय? अगदी अखेरच्या अवस्थेतही सलाईन, तपासण्या, अतिदक्षता विभाग यांची शिफारस करीत सुटणारी संस्था हॉस्पिस या नावास पात्र नाही. आणि 'आमच्याकडे सर्व काही होते' असे म्हणणाऱ्यापेक्षा 'हे आमच्याकडे होत नाही' असे स्पष्ट सांगणाऱ्यावर अधिक भिस्त ठेवावी, असे आमचा तपासणीचा अनुभव सांगतो.

आता मंडळाविषयी. २०१५ साली इकॉनॉमिस्टच्या संशोधन विभागाने ८० देशांतील अखेरच्या सेवेची तुलना केली, तीत भारताचा क्रमांक ६७ वा होता. पण त्याच भारतातील केरळची जगभर वाखाणणी होते. कोझिकोडे येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम पुढे गावोगावच्या सामान्य स्वयंसेवकांनी उचलले आणि २००८ साली त्या राज्याने या सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी शेजारच्या रोग्याकडे आठवड्याचे काही तास देऊ लागले. डॉक्टरांचे काम त्यांनी केले नाही, आणि डॉक्टरांना जे जमण्यासारखे नव्हते ते केले.

आपणांसही असे एक काम आहे आणि ते दुसऱ्या कोणास करता येणार नाही. चाळीस-चाळीस वर्षे दिल्लीत अस्खलित हिंदी बोललेली आपली वृद्ध माणसे अखेरच्या आजारात मराठीत बोलू लागतात. आमच्या ताईही शेवटच्या आठवड्यात 'कूस वळव गं' म्हणत आणि ती कष्टाळू सेविका गोंधळून आमच्याकडे पाही. दुखते, तहान लागली, भीती वाटते, हे सांगावयाची भाषाच समोरच्यास कळत नसेल, तर उत्तम संस्थेचीही निम्मी सेवा वाया जाते.

म्हणून आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. या वर्षाच्या स्मरणार्थ सभासदांपैकी दहा-बारा जणांचे एक पथक करावे. त्यांनी शहरातील अशा संस्था स्वतः जाऊन पाहाव्यात, वरील प्रश्न विचारावेत, उत्तरे एका वहीत लिहावीत आणि ती वही दर वर्षी तपासून अद्ययावत ठेवावी. ज्याच्या घरी प्रसंग येईल त्यास ती दाखवावी. आणि त्याच पथकाने पाळीपाळीने रोग्याच्या खाटेशी जाऊन तासभर बसावे, मराठीत बोलावे, बोलवत नसेल तर ऐकावे. यास इमारतनिधी लागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर आमचे नाव घालावे आणि रविवारच्या दुपारची पाळी आम्हांस द्यावी.