आयरिश कुलकथा आणि त्यांचे साक्षीदार



आयर्लंडचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तिचे नावच मुळी आयरिश चळवळीतून आलेले. परंतु आज आम्हांला राजकारणाविषयी बोलावयाचे नाही. देशांतर केलेल्या आयरिश लोकांची नातवंडे-पणतवंडे मित्रमंडळींत जमली म्हणजे आपापल्या घराण्याच्या कथा सांगतात : पणजोबा कोणत्या गावचे, बोटीत केव्हा चढले, का चढले. या कथांवर विश्वास किती ठेवावा, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. कुलकथा घरातल्या घरात फिरत राहिली की नासते. ती परक्या घरच्या चार माणसांसमोर सांगितली गेली म्हणजे तिची पारख होते.

कोणी म्हणेल, कथा हव्यात कशाला? दप्तर उघडून पाहा. पण दप्तर आहे कोठे? ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधील सरकारी दप्तरखाना स्फोटाने आणि आगीने उद्ध्वस्त झाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांच्या वह्या, थोडे अवशेष सोडले तर, तेथे जळाल्या. १८६१ व १८७१ च्या वह्या सरकारनेच आधी नष्ट केलेल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेल्या. म्हणजे संपूर्ण अशी पहिली खानेसुमारी हाती उरते ती १९०१ ची. घर सोडून गेलेल्यांची सर्वांत मोठी लाट तर त्याच्या अर्धशतक आधीची!

ती लाट कशाने उठली हे आपणांस ठाऊकच आहे. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, आणि पुढली काही वर्षे गरिबाचे एकमेव अन्न शेतातच कुजले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली. तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. १८४१ मध्ये जी लोकसंख्या ८१ लाखांवर होती ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. पुढेही ओघ थांबला नाही. १८९० च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर पाच माणसांतली दोन परदेशी राहत होती.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. १९३५ साली आयर्लंडात लोककथा जमविण्यासाठी सरकारी आयोग नेमला गेला. १९३७ ते १९३९ या काळात त्याने सुमारे पाच हजार शाळांतील मुलांना वह्या देऊन आजी-आजोबांकडे आणि शेजाऱ्यांकडे पाठविले. पुढे १९४५ मध्ये दुष्काळाच्या शताब्दीला आठवणी गोळा केल्या. या संग्रहांत दुष्काळ आहे, मृत्यू आहेत; पण मेला तो बहुधा शेजारचा! आमच्या घरी कसेबसे निभावले, पलीकडच्या वाडीत मात्र माणसे रस्त्यावर पडली, असा सूर पुनःपुन्हा येतो.

याला लबाडी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. १८४७ च्या कायद्याने असे ठरविले होते की, पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, अधिक जमीन ज्याच्याकडे आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून बापाने खंडाची जमीन सोडली. ती दुसऱ्या कोणी घेतली. कोणी धर्मांतराच्या अटीवर मिळणारा रस्सा प्याले. हे नातवाला कोण सांगणार? घरच्या गोष्टीतून ते गळले. पण शेजाऱ्याने ते पाहिले होते, आणि त्याच्या घरच्या गोष्टीत ते राहिले. आयरिश खेड्यांत रात्री एका घरी जमून विस्तवाभोवती बसण्याची चाल होती. तेथे सांगणाऱ्याला अडविणारे चार जण समोरच बसलेले असत. बोट सुटली की हे साक्षीदार मागे राहिले. बोस्टनच्या नाही तर न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरात कथेला हटकणारा कोणी उरला नाही. म्हणूनच दोन निराळ्या घराण्यांचे मित्र एकत्र बसून आपापल्या कथा जुळवू लागतात तेव्हा ते केवळ करमणूक करीत नसतात. एकाच्या घरात पुसलेले दुसऱ्याच्या घरात सापडण्याचा संभव असतो.

ॲनी मूर या मुलीचे उदाहरण घ्या. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंडचे ठाणे उघडले, तेव्हा पहिली उतरली ती कॉर्क परगण्यातली ही पोर, दोन धाकट्या भावांसह. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे मिळाले. टेक्सासमधील एका कुटुंबाची श्रद्धा होती की ती ॲनी आपलीच. ती पुढे पश्चिमेकडे गेली आणि अपघातात वारली, अशी कथा रूढ झाली, आणि त्या कुटुंबाला समारंभांत मानही मिळाला. २००६ साली एका संशोधिकेने सिद्ध केले की, टेक्सासची ॲनी अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून कधी बाहेर पडलीच नाही. तिची अनेक मुले लहानपणी दगावली, १९२४ साली ती स्वतः वारली, आणि क्वीन्समधील तिच्या थडग्यावर दगडदेखील नव्हता. टेक्सासचे कुटुंब काही खोटे बोलत नव्हते. त्याला वेळेवर कोणी विचारले नव्हते, इतकेच.

परंतु कागद तेवढा खरा, असे समजून आपण घरी जाऊ नये. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागले. जन्मनोंदणी तर १८६४ ची! मग १९०१ आणि १९११ च्या खानेसुमाऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या तर दहा वर्षांत पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली मंडळी भेटतात. ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे महावादळ आठवते, असे सांगणे हाही वयाचा पुरावा समजला जाई. १९०९ मध्ये जेमतेम सत्तरीला आलेल्याने ते वादळ पाळण्यातून पाहिले असले पाहिजे. पण ते असो.

दुसरा पुरावा म्हणजे १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारीत आपले नाव शोधवून घेणे. त्यासाठी अर्जदार आपल्या आईबापांची नावे आणि वाडी सांगे, आणि कारकून जुन्या वहीत पाहून उतारा करी. वह्या १९२२ साली जळाल्या. अर्जाचे हे कागद पुष्कळसे राहिले. कित्येकांवर कारकुनाने 'सापडत नाही' असा शेरा मारला आहे. त्याच्या वर मात्र म्हाताऱ्याने तोंडाने सांगितलेली आईची, बापाची आणि वाडीची नावे तशीच आहेत.