इंजिनाचा दम



सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आपल्या उमरग्यातून जातो. त्यामुळे 'गाडी ओढत नाही' ही तक्रार येथील गॅरेजांना नवी नाही. ज्या मोटारीच्या इंजिनात हवा दाबून भरली जाते, तिची शक्ती कमी झाली असता कारण कसे शोधावे, हा आमचा आजचा विषय आहे. विषय यंत्राचा खरा, पण प्रश्न संसाराचा आहे. हप्त्यांवर गाडी घेऊन भाडे मारणाऱ्याला 'टर्बो गेला' असे सांगितले जाते. तो कर्ज काढून नवा टर्बो बसवतो, आणि दोष एखाद्या फाटक्या रबरी नळीत असेल तर गाडी पूर्वीसारखीच रडत राहते.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो. पण ते इंधनापेक्षा कितीतरी अधिक हवा खाते. एक लिटर डिझेल पुरते जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. तेव्हा त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती हवी असेल, तर अधिक हवा आत कोंबावी लागते. त्याचे मार्ग दोन. एकात इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा हवा दाबतो; त्याला सुपरचार्जर म्हणतात. दुसऱ्यात सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चाक फिरते व त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबते, हा टर्बो. ही दुसरी कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंटात मांडली. आज आपल्या रस्त्यावरील बहुतेक डिझेल मोटारींत टर्बोच आढळतो.

आता शोधाचा क्रम. पहिला प्रश्न असा की, शक्ती खरोखर इंजिनातच कमी पडते आहे काय? इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत असेल. चाकाचा ड्रम अकारण तापतो, तर ब्रेक चिकटला असेल. या दोन्ही दोषांत इंजिन निर्दोष असते.

दुसरा प्रश्न धुराला विचारावा. जुन्या डिझेल गाडीत काळा धूर म्हणजे इंधन आहे पण हवा अपुरी आहे. धूर नाही आणि जोरही नाही, तर इंधनच कमी पोचत असावे. तेव्हा डिझेलचा फिल्टर व त्यात साठलेले पाणी पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. संगणकाच्या ताब्यातील नव्या गाड्या मात्र हवा कमी पडताच इंधनही आखडतात, म्हणून त्यांत धूर दिसेलच असे नाही. तेथे यंत्र लावून सांकेतिक क्रमांक वाचावा. पण तो क्रमांक तक्रारीचा असतो, निकालाचा नव्हे. 'दाब कमी' एवढेच तो सांगतो. का कमी, हे माणसानेच शोधायचे.

तिसरी पायरी हवेच्या वाटेची. एअर फिल्टरपासून आरंभ करावा. आपल्या भागातील उन्हाळ्यातली धूळ लक्षात घेता, पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच तो तपासणे शहाणपणाचे. पुढे टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतच्या नळ्या व क्लिपा हाताने चाचपाव्यात. जोर लावताच फुसफुस ऐकू येत असेल, तर हवा वाटेतच गळते आहे. उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असता दाब फारसा नसतो, म्हणून तेव्हा गळती सापडत नाही. इंजिन बंद करून, नळ्यांची तोंडे बंद करून हलक्या दाबाने हवा भरावी व साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. सुपरचार्जर असेल, तर पट्टा ढिला पडून घसरतो काय, हे पाहावे. धूर बाहेर पडण्याची वाट तुंबली, तरीही इंजिन गुदमरते.

यानंतरच टर्बोकडे वळावे. इंजिन थंड असता नळी काढून चाक बोटाने फिरवावे. दांड्याची किंचित डगडग स्वाभाविक आहे. पण पाती कवचाला घासत असतील किंवा तुटली असतील, तर टर्बो खरोखर गेला. दाब आवरणाऱ्या झडपेची दांडी अडकली आहे काय, तिची बारीक नळी चिरली आहे काय, हेही पाहावे. कारण या लहानशा दोषाने धडधाकट टर्बो निकामी वाटतो.

आणि टर्बो खरोखर गेलाच असेल, तर तो का गेला, हे कळल्याखेरीज नवा बसवू नये. लहान गाडीतील टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइलची नळी काजळीने अरुंद झाली असेल, तर नवा टर्बोही जुन्याच्या वाटेने जाईल. दूरवरून जोरात आलेली गाडी धाब्याशी थांबताच चावी फिरवू नये. मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या भागात ऑइल करपत नाही. टर्बोतून ऑइल हवेच्या वाटेत भरपूर उतरू लागले, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू शकते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून निळ्या धुराची गाडी तशीच दामटणे हे जिवाशी खेळणे आहे.

सारांश, तपास स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत जावा. क्लिप आवळायला पाना पुरतो. फिल्टर थोडक्या पैशांत येतो. टर्बोला मात्र कित्येकदा महिन्याची कमाई जाते. गाडीवाल्याने गॅरेजात 'काय बदलायचे?' असे न विचारता 'काय तपासले?' असे विचारावे. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो काढलेली नळी हातात देऊन चीर दाखवतो.