निवृत्तीनंतरचं घर आणि गोल्फचा हिशोब
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'अमेरिकेत निवृत्तीनंतरचं घर कसं निवडलं'. पंधरा मिनिटांत तो मावणार नाही, म्हणून मी त्यातला एकच भाग घेतलाय: गोल्फ. हसू नका! आपल्या मैदानावर खो-खोचे दोन खांब आणि एक गंजका सिंगल बार, एवढीच इस्टेट होती. तिथला मुलगा गोल्फवर बोलतोय याची गंमत मलाही वाटते. पण आपल्या वर्गातले काहीजण तिकडे सध्या घरं बघतायत, आणि इथे बसलेल्या कित्येकांची मुलं 'आईबाबा, इकडेच या' म्हणतायत. त्या घरांच्या जाहिरातीत हिरवळ दिसते, तिचा खर्च दिसत नाही.

ही पद्धत आपल्याच वयाची आहे. अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने 1 जानेवारी 1960 रोजी सन सिटी लोकांना खुली केली. नमुन्याची घरं, दुकानं, करमणूक केंद्र आणि गोल्फचं मैदान आधी तयार ठेवलं आणि मग गिऱ्हाइकांना बोलावलं. तेव्हापासून निवृत्ती आणि गोल्फ यांची तिथे जोडी जमली ती जमलीच.

आता पैसे कसे घेतात ते बघा. फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस'मध्ये रहिवाशांना छोट्या मैदानांवर खेळायला ग्रीन फी, म्हणजे मैदानाचं भाडं, पडत नाही. त्याला ते फुकट म्हणतात. पण दरमहा सोयीसुविधांची रक्कम भरावी लागते, स्वतःची गोल्फ कार्ट मैदानात न्यायची तर तिची वेगळी फी, आणि मोठ्या, अठरा होलच्या मैदानांचे पैसे निराळे. सन सिटीत वर्षाची करमणूक वर्गणी घरामागे, गोल्फचे पैसे खेळाल तसे किंवा वार्षिक पासाने. फ्लोरिडातच नेपल्सच्या बाजूला घराबरोबर सभासदत्व बांधूनच येतं, तुम्ही काठी हातात धरा अगर न धरा. आणि खाजगी क्लब असेल तर प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, वर क्लबच्या हॉटेलात वर्षाकाठी अमुक डॉलरचं खाल्लंच पाहिजे अशी अट. (मेसची खाडा न देणारी मावशी बरी, असं मला तेव्हा वाटलं.)

बाई समोर आहेत म्हणून त्रैराशिक मांडतो. समजा, एका ठिकाणी गोल्फपायी वर्षाला 9,000 डॉलर ठरलेले जातात, आणि शेजारच्या सार्वजनिक मैदानावर एका खेळाला 60 डॉलर पडतात. मग सभासदत्व परवडायला वर्षाला 150 वेळा खेळायला हवं. म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीनदा, बाराही महिने. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी विजा कडाडतात, की मैदान रिकामं करावं लागतं. अ‍ॅरिझोनात उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, आणि पावसाळा संपता संपता हिवाळी गवत पेरायला मैदानं काही आठवडे बंद ठेवतात. त्यात तुम्ही दोन महिने भारतात येणार. 150 कुठून आणणार?

उलट जानेवारी ते मार्च थंड राज्यांतली माणसं तिथे मुक्कामाला येतात आणि खेळायची वेळच मिळत नाही. म्हणून मैदानं किती आहेत हे विचारू नका. फेब्रुवारीत सकाळी नऊची वेळ किती दिवस आधी नोंदवावी लागते, ते विचारा. शक्य झालं तर तिथे महिनाभर भाड्याने राहून फोन लावून बघा.

माझी बायको गोल्फ खेळत नाही. एका क्लबच्या विक्री कचेरीत मी गवताची तारीफ ऐकत होतो, तेव्हा तिने एकच विचारलं, "ह्यांचे गुडघे गेल्यावर किती भरायचं?" समोरची मुलगी कागद चाळायला लागली. उत्तर निघालं, तेवढंच. सभासदत्व सोडायचं तर यादीत नाव लावायचं, ठरावीक नवे सभासद आले की जुना एक सुटणार. तोवर वर्गणी चालू. माणूस गेला तर? घर विकेपर्यंत वारसांनी भरायची. 2008 नंतरच्या मंदीत अशा सक्तीच्या सभासदत्वाची काही घरं नाममात्र किमतीला विकायला निघाली होती, कारण विकत घेणाऱ्याच्या गळ्यात ती वर्गणी पडत होती. मला वाटतं, या वयात घर घेताना तिचा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. 66 व्या वर्षी आपण 86 व्या वर्षाचंही घर घेत असतो.

दुसरी गोष्ट, मैदान कोणाच्या मालकीचं? अमेरिकेत 2006 पासून पुढे बरीच वर्षं नव्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त होती. मैदानाकडे तोंड असलेल्या घराला तुम्ही जास्त पैसे मोजता, आणि मालक कंपनी असेल तर उद्या तिथे घरांची रांग उभी राहू शकते. मालकी रहिवाशांच्या संस्थेची असेल, तर डागडुजीचा बोजा तुमच्यावर येतो, पण निदान मत तरी देता येतं. संस्थेच्या राखीव निधीचा ताजा हिशोब मागून घ्या. तो द्यायला कोणी कां-कूं केली, तर तिथून उठा.

आम्ही अ‍ॅरिझोनात, 55 वर्षांवरच्यांच्या वसाहतीत, मैदानापासून दोन गल्ल्या आत घर घेतलं. गोल्फ खेळू तेवढे पैसे. मी आठवड्यातून दोनदा जातो, ऑगस्टमध्ये अजिबात नाही. जुनी कार्ट घेतली, ती माझ्यापेक्षा बायकोच जास्त चालवते, वाचनालयात आणि पोहायला जायला.

चार वसाहतींचे खर्चाचे तक्ते मी छापून आणलेत. जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. ज्यांची मुलं घरं बघतायत त्यांनी एकेक न्या, आणि आकडे जुने होतात, तेव्हा तिथे पुन्हा विचारून घ्या.