मंडळीच्या सेवाकार्यासाठी आपण प्रार्थना का करावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



प्रार्थना हा विषय इतका मोठा आहे की त्यावर बोलायला उभे राहिले म्हणजे कोठून सुरुवात करावी हेच कळत नाही. म्हणून मी आज एकाच प्रार्थनेविषयी बोलणार आहे. ती म्हणजे आपल्या मंडळीच्या सेवाकार्यासाठी आपण करावयाची प्रार्थना. ज्या भगिनी ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी एवढे सांगते की, आम्ही 'मंडळी' म्हणतो ती घरची मंडळी नव्हे. एका उपासनामंदिरात जमणाऱ्या सर्व लहानथोरांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो, आणि मंडळीची आध्यात्मिक देखभाल करणाऱ्याला पाळक म्हणतो.

आता सेवाकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा झगा घातलेले पाळकसाहेब येतात. पण रविवारचा उपदेश हा त्या कामाचा एक भाग झाला. सकाळी नऊ वाजता चुळबुळ करणाऱ्या वीस मुलांपुढे उभी राहणारी संडे स्कूलची शिक्षिका, पेटी वाजविणारा मुलगा, आजाऱ्याच्या उशाशी बसून शास्त्रपाठ वाचणाऱ्या आपल्या वृद्ध भगिनी, दानाचा हिशेब पैशापैशाने जुळविणारा खजिनदार, मयताच्या घरी पहिला चहा करून नेणारी शेजारीण, ही सर्व माणसे सेवाकार्यच करीत असतात. ह्या सगळ्यांसाठी आपण प्रार्थना करतो काय?

करतो ते असे. रविवारी दुपारी चुलीवर रस्सा उकळत असतो आणि त्याच्याबरोबर उपदेशही उकळत असतो. आज फार लांबले. आज आवाजच नव्हता. मागचे पाळक किती छान बोलत! गायनवृंदात अमकी का आणि तमकी का नाही? जेवणे होईपर्यंत सबंध मंडळीचे सेवाकार्य आपण चाळणीतून काढलेले असते. मुले ऐकत असतात, हे आपल्या ध्यानात राहत नाही. पुढे तीच मुले मोठी होऊन उपासनेला येईनाशी झाली म्हणजे आपण त्याचाही दोष पाळकसाहेबांनाच देतो!

आपल्या महाराष्ट्रात कीर्तन सर्वांना माहीत आहे. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनेही पुष्कळ झाली. कीर्तनकार पुढे उभा राहतो आणि लोकांचे लक्ष त्याच्यावर असते. पण त्याचा दम लागला की मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात. तेवढ्या वेळात तो श्वास घेतो आणि पुढच्या चरणाला तयार होतो. टाळकरी जर मागे उभे राहून "आज बुवांचा सूर लागत नाही" असे कुजबुजू लागले तर ते कीर्तन कसे चालावे? मंडळीत आपली जागा टाळकऱ्यांची आहे, श्रोत्यांची नाही.

निर्गमाच्या पुस्तकात रफीदीम येथील लढाईची हकीकत आहे, ती तुम्हां सर्वांना पाठ असेल. खाली यहोशवा अमालेक्यांशी लढत होता आणि वर टेकडीच्या माथ्यावर मोशे हात उभारून होता. हात वर असले की इस्राएलाची सरशी होई, खाली आले की शत्रूची. मोशेसारखा मोठा मनुष्य, पण त्याचेही हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसावयाला धोंडा आणून दिला आणि दोन बाजूंनी दोघांनी सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरून ठेवले. हूर कोण होता, त्याने पुढे काय केले, हे आपल्याला फारसे ठाऊक नाही. पण त्या दिवशी तो तेथे नसता तर? आपण बायका दिवसभर कणीक मळतो, पाणी भरतो, मुले कडेवर घेतो. हात भरून येणे म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

पौलाची पत्रे वाचताना मला एका गोष्टीचे फार नवल वाटते. एवढा विद्वान, एवढा धैर्याचा प्रेषित, पण पत्राच्या शेवटी तो आपल्याच शिष्यांना विनवितो की माझ्यासाठी प्रार्थना करा. इफिसकरांस लिहितो, थेस्सलनीकाकरांस लिहितो, कलस्सैकरांस लिहितो. आणि मागतो काय? इफिसकरांना लिहिताना तो बेड्यांत होता. त्याने बेड्या तुटाव्यात म्हणून प्रार्थना करा असे म्हटले नाही. तोंड उघडल्यावर योग्य शब्द मिळावे आणि भीती वाटू नये, एवढे त्याने मागितले. म्हणजे पौलालाही भीती वाटत होती! मग आपल्या तरुण पाळकाला, जो आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या आईला तिच्या लेकराच्या मयतीत चार शब्द सांगायला जातो, त्याला ती वाटत नसेल काय? त्याला शब्द कोठून मिळणार? ग्रंथांतून काही मिळतील. पण बाकीचे आपण मागून आणावयाचे आहेत.

रोमकरांस पौलाने आणखी एक विनंती केली होती. यरुशलेमेत माझी सुटका व्हावी आणि मग मी आनंदाने तुमच्याकडे यावे, म्हणून माझ्याबरोबर प्रार्थनेत झुंजा, असे त्याने लिहिले. पुढे काय झाले? यरुशलेमेत त्याला धरले, दोन वर्षे कैसरियात अडकवून ठेवले, आणि रोमला तो पोहोचला तो कैदी म्हणून, वाटेत जहाज फुटून. पण पोहोचला. ज्यांनी प्रार्थना केली त्यांच्या मनात हे चित्र नक्कीच नव्हते.

येथे एक शंका कोणीही घेईल. देवाला सर्व ठाऊक आहे, तर मग त्याला सांगायचे कशाला? मी काही शास्त्री नाही. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात एक गंमत आहे ती पाहा. नवव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू शिष्यांना सांगतो की पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत अशी प्रार्थना करा. आणि दहावा अध्याय उघडावा तो त्याच बारा जणांना बोलावून तो कामावर धाडतो! ज्यांना मागायला सांगितले तेच उत्तर होऊन निघाले. म्हणून ही प्रार्थना जरा जपूनच करावी लागते. "प्रभो, संडे स्कूलला शिक्षिका दे," असे तुम्ही महिनाभर रोज मनापासून म्हणालात, तर एकतिसाव्या दिवशी तुम्हीच खडू हातात घेऊन उभ्या असाल.

प्रेषितांच्या कृत्यांतील बारावा अध्याय तर आपल्यासारख्या स्त्रियांच्या सभेसाठीच लिहिला आहे असे मला वाटते. हेरोदाने याकोबाला तलवारीने मारले आणि पेत्राला तुरुंगात टाकले. मंडळी जमली ती कोठे? मार्क म्हटलेल्या योहानाची आई मरीया, तिच्या घरी. रात्रभर प्रार्थना चालली होती. देवाने पेत्राला सोडविले, तो दाराशी येऊन ठोठावू लागला, आणि रुदा नावाची मोलकरीण त्याचा आवाज ओळखून आनंदाने दार न उघडताच आत पळाली. आत सगळे म्हणाले, तू वेडी आहेस! ज्याच्यासाठी गुडघे टेकले होते तोच दारात उभा, आणि प्रार्थना करणारे म्हणतात, छे, तो कसा असेल? ह्या हकीकतीने मला नेहमी धीर येतो. त्यांचा विश्वास फार मोठा होता म्हणून देवाने ऐकले, असे काही तेथे दिसत नाही.

पण मग याकोबाचे काय? त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती काय? केलीच असली पाहिजे. याकोब मारला गेला आणि पेत्र सुटला, आणि का, ते शास्त्र सांगत नाही. आपल्यापैकी कितीजणींनी एखाद्या सेवकाच्या दुखण्यात रात्ररात्र प्रार्थना केली आणि तरी त्याला मातीत ठेवून आलो. त्या भगिनींना "तुमचा विश्वास कमी पडला" असे म्हणणारे लोक असतात, त्यांचा मला राग येतो. मरीयेच्या घरी जमलेले लोक याकोबाच्या मरणानंतर पुन्हा जमले, हे मात्र विसरू नये.

आता थोडे इतिहासाकडे. 1784 साली इंग्लंडातील नॉर्दम्पटनशायर भागातील काही लहान बॅप्टिस्ट मंडळ्यांनी ठरविले की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी एक तास प्रार्थनेला जमायचे. ही सूचना जॉन सटक्लिफ नावाच्या पाळकाची. विनंती काय होती? प्रथम आपले पाळक आणि आपल्या मंडळ्या यांच्यावर पवित्र आत्म्याची कृपा व्हावी, आणि मग पृथ्वीच्या शेवटापर्यंत सुवार्ता पोहोचावी. पैसेवाले लोक नव्हते, नाव कोणाचे मोठे नव्हते. आठ वर्षे सोमवार येत गेले. 1792 च्या ऑक्टोबरात केटरिंग गावी मार्था वॉलिस नावाच्या विधवा बाईच्या घरातील मागच्या खोलीत काहीजण जमले आणि मिशनरी संस्था स्थापन झाली. वर्गणीचे आकडे कागदावर लिहून ते तपकिरीच्या डबीत गोळा केले. बेरीज तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स! पुढल्या वर्षी त्याच मंडळ्यांतील विल्यम केरी हिंदुस्थानात आला. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला त्याने छापखाना चालविला, आणि आपल्या भाषेतील मत्तयाचे शुभवर्तमान 1805 साली तेथे छापून निघाले, संपूर्ण नवा करार 1811 साली. सोमवारी संध्याकाळी स्वतःच्या पाळकासाठी प्रार्थना करणाऱ्या त्या लोकांना मराठी नावाची भाषा आहे हे तरी कोठे माहीत असणार? पुन्हा पाहा, यरुशलेमेत मरीयेचे घर, केटरिंगला वॉलिसबाईंचे. देवाच्या कामाला लागणारी खोली पुष्कळदा बाईनेच झाडून ठेवलेली असते.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? केडगाव पुण्याहून किती लांब आहे? मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी 1905 च्या आरंभी रोज सकाळी प्रार्थनेला जमण्याची प्रथा सुरू केली. प्रथम सुमारे सत्तरजणी जमत. मुक्तीत दुष्काळातून आलेल्या मुली होत्या, विधवा होत्या, घरच्यांनी टाकलेल्या स्त्रिया होत्या. त्यांनी मागितले ते असे की, हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, आणि त्यात आम्हीही आलो. 'आम्हीही आलो' हे रमाबाईंनी मुद्दाम घातले आहे. जूनअखेर मुक्तीत जे जागरण झाले त्याविषयी पुस्तके लिहिली गेली आहेत. त्यानंतर त्या मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. मत्तयाचा दहावा अध्याय पुन्हा आलाच.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी बोलते, त्या कोणी मनाला लावून घेऊ नयेत.

प्रार्थनेच्या आडून टोमणा मारू नये. "हे प्रभो, आमच्या पाळकांना वेळेचे भान दे," असे त्यांच्या समोर मोठ्याने म्हणणे ही प्रार्थना नव्हे, ते बोलणे आहे. दुसरे, प्रार्थनेची विनंती म्हणून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये. "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, काय झाले माहीत आहे का..." येथून पुढे प्रार्थना राहत नाही. देवाला सुनेचे नाव पुरते, तपशील त्याच्याजवळ आहे. हल्ली मोबाइलवर कोणी विनंती पाठविली की आपण जोडलेल्या हातांचे चित्र धाडतो आणि कुकर लावायला जातो. चित्र धाडायला माझी हरकत नाही, पण कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत तरी ते नाव मनात धरावे.

आणि प्रार्थना करतो म्हणून वर्गणी बुडवायची नाही. पाळकाचा पगार दोन दोन महिने थकवायचा आणि त्याच्या घरी भरपूर असावे म्हणून देवाला विनवायचे, याला काय म्हणावे? पाळकसाहेबांच्या पत्नीलाही विसरू नका. दर काही वर्षांनी बदली झाली की भांडी पोत्यात बांधणारी तीच, मुलांच्या शाळेचे दाखले गोळा करणारी तीच, आणि नव्या गावी "आधीच्या बाई कशा होत्या" हे ऐकून घेणारीही तीच.

मी जे पाहिले ते सांगते. ज्या बाईने एखाद्या माणसासाठी सहा महिने रोज नाव घेऊन प्रार्थना केली, तिच्या तोंडून त्याच्याविषयी वाकडा शब्द सहज निघत नाही. तिला त्याच्या चुका दिसत नाहीत असे नाही. उलट जास्तच दिसतात. पण ती त्या घेऊन शेजारणीकडे जात नाही, आधी देवाकडे जाते, आणि मग जरूर पडल्यास सरळ त्याच्याकडे जाऊन बोलते. मंडळ्यांमध्ये निवडणुकांवरून, जमिनीवरून, मानपानावरून तट पडतात, प्रकरणे कोर्टापर्यंत जातात, आणि एकाच बाकावर बसणाऱ्या दोन जावा एकमेकींकडे पाहीनाशा होतात. हे काही एका प्रार्थनेने मिटेल असे मी म्हणत नाही. परंतु ज्या दोघी एकाच पाळकासाठी, एकाच खोलीत, गुडघे टेकून प्रार्थना करतात, त्यांना बाहेर पडताना एकमेकींच्या चपला ओलांडून जाणे जड जाते.

आपल्या मंडळाने ह्या वर्षापासून गुरुवारी दुपारी अर्धा तास ठेवावा असे कार्यकारिणीत ठरले आहे. शेजारच्या भगिनींना नुसते बसायला यायचे असले तरी दार उघडे राहील. एक वही केली आहे. तीत एका बाजूला तारीख आणि नाव, दुसरी बाजू कोरी. पहिल्या पानासाठी पाळकसाहेबांकडे विनंत्या मागितल्या, तेव्हा त्यांनी स्वतःचे काहीच सांगितले नाही. त्यांनी संडे स्कूलच्या तीन शिक्षिकांची नावे दिली, सरकारी दवाखान्यात असलेल्या एका आजोबांचे नाव दिले, आणि पेटी वाजविणाऱ्या मुलाची परीक्षा आहे तेही सांगितले. पाळकसाहेबांचे नाव खाली चिटणीसबाईंनी आपल्या हाताने लिहिले आहे. वही त्यांच्याजवळ आहे. ज्यांना आणखी नावे घालायची असतील त्यांनी चहाच्या वेळी त्यांना गाठावे.