बैलाची वेदना आणि पन्नास रुपयांचा न्याय
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मुक्या प्राण्यांचा छळ करणाऱ्यांना न्यायालये जी शिक्षा देतात ती योग्य आहे काय, हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या वर्गात निघाला की काही कपाळांवर आठ्या चढतात. माणसांची दुःखे अजून सरलेली नाहीत, तेथे जनावरांची कसली काढता, असा आक्षेप येतो. आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु टिकणारा नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत माणसाचे कष्ट आणि जनावराचे कष्ट यांची वाटणी झालेलीच नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर ती दोन्ही एकाच जोखडाखाली असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार भूतदयेच्या सोवळ्या ओवरीत न करता कष्टाच्या आणि नफ्याच्या हिशेबात केला पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आजचा केंद्रीय कायदा १९६० सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर खाजगी विधेयक मांडले. सरकार स्वतःच असा कायदा आणील असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर ते मागे घेण्यात आले आणि पुढे हा कायदा झाला. त्याचे अकरावे कलम म्हणजे क्रूरतेची यादीच आहे: मारणे, लाथाडणे, अतोनात ओझे लादणे, वय झालेल्या किंवा आजारी जनावराला कामाला जुंपणे, उपाशी ठेवणे, वाऱ्यावर सोडून देणे. यादी चांगली आहे. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडला तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परकीय राज्यकर्त्यांच्या १८९० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही कैदेची सोय होती. स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती काढून टाकली.

पन्नास रुपये हा दंड मुळातच हास्यास्पद होता असे समजण्याचे कारण नाही. १९५६-५७ च्या शेतमजूर चौकशीत पुरुष मजुराची सरासरी रोजची मजुरी एका रुपयाहूनही किंचित कमी आढळली होती. म्हणजे कायदा झाला तेव्हा पन्नास रुपये हे मजुराच्या जवळजवळ पन्नास दिवसांच्या घामाचे मोल होते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्या हिशेबाने पन्नास दिवसांचे मोल सुमारे पंधरा हजार रुपये होते. प्रत्यक्षातला दंड मात्र एका दिवसाच्या मजुरीच्या सहाव्या हिश्शावर आला. संसदेने दंड कमी केला नाही. चलनवाढीने तो खाऊन टाकला आणि कायदेमंडळ बघत राहिले. कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडण्यासाठी ज्यांनी लढे दिले, त्यांना दंडाची रक्कम आकड्यांत गोठविण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

दंडाइतकीच दुबळी अंमलबजावणीची व्यवस्था. या कायद्याखालील बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो पुढे चालविताच येत नाही. मुके जनावर फिर्याद देत नाही आणि मालकाविरुद्ध साक्ष द्यायला शेजारी पुढे येत नाही. अशा गुन्ह्याला तीन महिन्यांची मुदत म्हणजे जवळजवळ माफीच होय.

सर्वोच्च न्यायालयाच्या हे लक्षात आलेले आहे. जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने या शिक्षा पुरेशा नसल्याचे नोंदवून संसदेने कायद्यात योग्य दुरुस्ती करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. त्यानंतर साडेआठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. अमानुष क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत आणि प्राण्याला ठार मारण्याला पाच वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात योजना होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्राण्याला ठार मारणे अथवा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु ते कलम ‘आगळीक’ या सदरात, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीच्या प्रकरणात बसविलेले आहे. तेथे प्राणी ही वस्तू आहे आणि गुन्हा तिच्या मोडतोडीचा आहे.

आता एका बैलाचाच हिशेब मांडून पाहा. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली. अटी मोडून शर्यतीत बैलाला यातना दिल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तीत तरतूद आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या महाराष्ट्राच्या प्राणिरक्षण दुरुस्ती कायद्यानुसार त्याच बैलाची कत्तल केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आणि तोच बैल ओझ्याखाली, पराणीच्या टोचणीखाली, सोललेल्या खांद्यानिशी हंगामभर राबवून मेटाकुटीला आणला, तर पन्नास रुपये! शर्यतीतला बैल प्रतिष्ठेचा आहे, कत्तलीचा बैल राजकारणाचा आहे. राबणारा बैल मात्र कोणाचाच नाही. वेदना तीच, भाव तीन. ज्या शिक्षांच्या मुळाशी प्राण्याच्या वेदनेचे माप नाही, त्यांना योग्य म्हणता येणार नाही.

या विसंगतीची झळ कोणाला लागते तेही पाहावे लागेल. बैल थकला की पूर्वी तो बाजारात विकून त्या पैशात भर घालून नवा घेत. आज थकलेला बैल कत्तलीसाठी विकावा तर तुरुंग. कामाला जुंपावा तर अकराव्या कलमाचा भंग. सोडून द्यावा तरी त्याच कलमाचा भंग. आणि दावणीला बांधून पोसावा तर चारा कोठून आणायचा? कायद्याने गरिबाभोवती चारही बाजूंनी कुंपण घातले, आत वैरण मात्र ठेवली नाही.

बीड, अहिल्यानगर या भागांतून हजारो कुटुंबे दरवर्षी बैलगाड्यांसह साखर कारखान्यांच्या तळावर उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तोडणी आणि वाहतूक टनावर मिळते. उचल फिटेपर्यंत परतीची वाट नसते. खेपा कमी, तर फेड कमी. गाडीवान बैलावर जास्त ऊस लादतो तो त्याच्याशी वैर म्हणून नव्हे. त्याच्या स्वतःच्या आणि बायकोच्या पाठीवर जे ओझे आहे, तेच तो पुढे सरकवतो. बैल गेला तर उचल तशीच राहते आणि नव्या जोडीचे कर्ज वर चढते, हे तो पुरते जाणतो. तरीही लादतो, कारण दर त्याने ठरविलेला नाही.

कायदा येथे कोणाला पकडतो? हाकणाऱ्याला, आणि देखरेख न ठेवणाऱ्या मालकाला. बैलाचा मालक गाडीवानच आहे. कारखान्याच्या मालकीचा बैल एकही नाही, म्हणून कारखाना निर्दोष! शिवाय पन्नास रुपयांच्या दंडामागे खरी शिक्षा वेगळीच दडलेली असते. खटल्याच्या काळात जनावर पांजरपोळात वा तत्सम संस्थेत ठेवता येते आणि २०१७ च्या नियमांनुसार त्याच्या पोषणाचा खर्च मालकाच्या माथी येतो. ज्याच्याकडे वीस जनावरे आहेत त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याचा हंगाम बुडतो. कागदावर समान असलेली शिक्षा प्रत्यक्षात वर्गाप्रमाणे बदलते.

यावर काही सहृदय मंडळी सुचवितात की सरसकट पाच वर्षे कैद ठेवावी. इंग्लंडने २०२१ साली सहा महिन्यांची कमाल कैद पाच वर्षांवर नेली, हा दाखला दिला जातो. विकृत आनंदासाठी प्राण्याला जाळणारा, हातपाय तोडणारा, विष घालणारा जो असेल, त्याला कैद हवीच. तेथे गरिबीची सबब चालू नये. परंतु तेच माप गाडीवानाला लावले तर तुरुंग ऊसतोड्यांनी भरतील आणि बैलावरचे ओझे तसूभरही हलणार नाही. त्याच्या जागी दुसरा गाडीवान येईल, कारण ओझे ठरविणारा बाहेरच राहील.

तेव्हा योग्य शिक्षेची कसोटी तिहेरी असावी: प्राण्याला झालेली वेदना किती, करणाऱ्याची ऐपत किती, आणि त्या वेदनेतून नफा कोणाला झाला.

पहिल्या कसोटीतून छळ आणि हेळसांड यांत भेद होतो. हौसेने वा सूडाने केलेल्या छळाला कैद आणि पुढे प्राणी बाळगण्यास मनाई. प्राणी सरकारजमा करण्याचा आणि दोषी माणसाला प्राणी बाळगण्यास मनाई करण्याचा अधिकार १९६० च्या कायद्यानेही न्यायालयाला दिलेला आहे. दुसऱ्या कसोटीतून दंड रुपयांऐवजी दिवसांत मोजावा लागतो. फिनलंडने १९२१ पासून आणि स्वीडनने १९३१ पासून गुन्हेगाराच्या रोजच्या उत्पन्नावर दंड आकारण्याची पद्धत ठेवलेली आहे. अशा पद्धतीत दहा दिवसांचा दंड मजुराला दहा दिवसांच्या मजुरीइतका आणि धनिकाला त्याच्या दहा दिवसांच्या मिळकतीइतका बसतो. तो महागाईने झिजत नाही आणि श्रीमंताला परवान्यासारखा वाटत नाही.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा पुरावा रोज तयार होतो आहे. १९६५ च्या नियमांत जनावराच्या आकारमानाप्रमाणे आणि गाडीच्या चाकांप्रमाणे कमाल ओझे किलोंत ठरवून दिलेले आहे. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नको, तापमान ३७ अंशांवर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असेही त्यांत स्पष्ट आहे. आता कारखान्याच्या फाटकात काय घडते? प्रत्येक गाडी काट्यावर जाते, वजन होते, पावती फाडली जाते. नंतर गव्हाणीपाशी रांगेत ती कितीतरी वेळ उभी राहते. गाडीवर किती ओझे होते, हे कारखान्याच्या स्वतःच्या दप्तरात, कारखान्याच्या स्वतःच्या शिक्क्यानिशी नोंदलेले असते. नियमाबाहेरचे ओझे काट्यावर स्वीकारणारा कारखाना गुन्ह्याचा भागीदार आहे, एवढे एक वाक्य कायद्यात घातले, तर निरीक्षकांची फौज नेमावी लागणार नाही.

अर्थात ओझे उतरले की खेप हलकी होईल आणि गाडीवानाची मजुरी घटेल. म्हणून वाहतुकीचा दर त्याच प्रमाणात वाढविण्याची मागणी याच मागणीला जोडलेली हवी. बैलाच्या खांद्यावरचा भार मजुराच्या चुलीवर टाकून मिळविलेली भूतदया समाजवाद्यांना मान्य होणार नाही. आणि मजुराच्या नावाखाली बैलाची हाडे मोडू देणारा समाजवादही कोत्याच मनाचा ठरेल.

पोळ्याला शिंगे रंगवून, पुरणपोळीचा घास भरवून ज्याची वर्षातून एक दिवस पूजा होते, त्याच्या उरलेल्या दिवसांचा हिशेब काट्याच्या पावतीवर लिहिलेला आहे. येत्या हंगामात कारखान्यांच्या तळांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या पावत्या जमवाव्यात, १९६५ च्या नियमांशी ताडून पाहाव्यात, आणि वाहतूक दराच्या मागणीपत्रात ओझ्याची मर्यादा व विश्रांतीचे तास ही दोन कलमे घालावीत. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. मागणीपत्र लिहिण्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.