हमवीचं बॉनेट: डागडुजी की बदली?

अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेल्या हमवीचं बॉनेट पत्र्याचं नसतं, फायबरग्लासचं असतं. म्हणून ते चेपत नाही, तडकतं. छोटा तडा रेझिन आणि मॅट लावून बुजतो. पण बिजागरीपाशीच तुटलं असेल तर अख्खं बदला. तिथलं ठिगळ सुटलं, तर इंजिनवर वाकलेल्या माणसाच्या पाठीत बसेल!

हेडलाइट बॉनेटमध्येच असतात, सिस्टीम २४ व्होल्टची. आधी बॅटरी काढा, वायरींना चिकटपट्टीने खुणा करा. (आपल्या भाषेत, डिलीट करण्याआधी बॅकअप.) उचलायला दोघं हवेतच.

जुनं बॉनेट घेताना हेलिकॉप्टरने उचलायच्या ब्रॅकेटची भोकं जुळतात का बघा. आणि घासताना मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जाते.