पर्याय कोणाच्या मालकीचा?

ॲमेझॉनच्या मक्तेदारीचा विषय निघाला की सुशिक्षित ग्राहक सांगतो, पुस्तके आपण दुसरीकडून मागवतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या दुसऱ्या दुकानाचा मालक कोण, याची चौकशी तो सहसा करीत नाही.

जुन्या पुस्तकांचा व्यापार पाहा. कॅनडातील एबबुक्स हे संकेतस्थळ 1996 पासून जगभरच्या लहान विक्रेत्यांची पुस्तके मांडीत आले. 2008 साली ते ॲमेझॉनने विकत घेतले. जर्मन भाषकांचे झेडव्हीएबी 2011 मध्ये एबबुक्सच्या पोटात गेले. त्याच वर्षी इंग्लंडमधील बुक डिपॉझिटरी ॲमेझॉनकडे गेली आणि एप्रिल 2023 मध्ये तिला कुलूप लागले. पाट्या निरनिराळ्या होत्या, गल्ला एकाच घरी जात होता.

याचा अर्थ विक्रेत्यांना नोव्हेंबर 2018 मध्ये उमगला. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, दक्षिण कोरिया व रशिया येथील विक्रेत्यांना महिनाअखेर बाहेर काढण्याचे एबबुक्सने जाहीर केले. कारण कोणते, तर पैशांच्या देवघेवीची व्यवस्था बदलणे! तेव्हा 27 देशांतील सुमारे 600 विक्रेत्यांनी आपले लाखो ग्रंथ विक्रीतून काढून घेतले. हे काही संपात मुरलेले लोक नव्हेत. कित्येकांचे दुकान म्हणजे घरातली एक खोली. स्वतःला स्वतंत्र व्यापारी समजणाऱ्या या मंडळींचे ठेले परक्याच्या जमिनीवर उभे होते. ते एकदम उठले, तेव्हा काही दिवसांतच कंपनीने दिलगिरी व्यक्त करून माघार घेतली.

मग खरा पर्याय कोणता? अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये बुकशॉप डॉट ऑर्ग सुरू झाले. ग्राहक ज्या दुकानाच्या पानावरून पुस्तक घेतो, त्या दुकानाला छापील किमतीचे 30 टक्के मिळतात. हे संकेतस्थळ ॲमेझॉनसारख्या बड्या कंपनीला विकता येणार नाही, अशी तरतूद भागधारकांच्या करारातच आहे. मात्र पुस्तके रवाना होतात ती इंग्राम या अवाढव्य घाऊक कंपनीच्या गोदामातून. परावलंबन एक पायरी मागे सरकले, एवढेच. जर्मनीतील अँटिक्वारियाट डॉट डीई अधिक मूलगामी आहे, कारण ते विक्रेत्यांच्या सहकारी संस्थेचे आहे. सहकारही नासतो, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. तरीही अशी संस्था विकायची झाल्यास सभासदांना विचारावे लागते. एबबुक्सवरच्या विक्रेत्यांना 2008 साली मत नव्हते.

हे पुस्तक थोडे महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. कारण सवलतीचा तो पैसा इथे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या भाड्यात आणि तिथल्या नोकराच्या पगारात जातो.